शिकवायला मनाई झालेल्या रूथबाई

गटाची बैठक आटोपली असेल, हिशेबाची वही मिटली असेल, तर अजून थोडा वेळ बसा. आज आम्ही तुम्हाला एका गणितज्ज्ञ बाईंची गोष्ट सांगणार आहोत. त्या जर्मनीच्या. नाव रूथ मूफांग. त्यांचा विषय भूमिती, म्हणजे रेषा, ठिपके आणि आकृत्या यांचं शास्त्र.

गणित म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी पदर सावरून उठायला लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण उठू नका. आज पाढे म्हणायचे नाहीत. आज अंगणात दोरी लावायची आहे, फोडणीचं वरण आठवायचं आहे आणि एक सरकारी पत्र समजून घ्यायचं आहे.

आधी ते पत्र. साल 1937. जर्मनीत हिटलरचं राज्य होतं. रूथबाई तेव्हा 32 वर्षांच्या. त्यांनी गणितातली डॉक्टरेट मिळवली होती. पण जर्मनीत विद्यापीठात शिकवायचं तर एवढ्यावर भागत नसे. डॉक्टरेटनंतर आणखी एक मोठा प्रबंध लिहायचा, विद्वानांसमोर परीक्षा द्यायची आणि मग सरकारकडून शिकवण्याचा परवाना घ्यायचा, अशी तिथली रीत. रूथबाईंनी प्रबंध लिहिला, तो मान्यही झाला. गणितात ही पायरी गाठणाऱ्या जर्मनीतल्या त्या तिसऱ्या स्त्री. राहिला होता फक्त परवाना.

परवाना आला नाही. शिक्षण मंत्रालयाने कळवलं, त्याचा मतलब असा: प्राध्यापक हा विद्यार्थ्यांचा नेता असतो. विद्यार्थी बहुतेक पुरुष आहेत. पुरुषांचं नेतृत्व बाई कशी करणार? म्हणून शिकवायचं नाही. संशोधन करायचं असेल तर त्याला आमची हरकत नाही.

नीट लक्ष द्या, मैत्रिणींनो. त्यांना गणित येत नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रबंधात चूक आहे असंही कुणी म्हटलं नव्हतं. काम करा, पण पुढे उभं राहू नका, एवढंच सांगितलं होतं. ही भाषा आपल्याला नवी नाही.

आता आपण थोडं मागे जाऊ. रूथ यांचा जन्म 10 जानेवारी 1905 रोजी डार्मश्टाट या गावी झाला. वडील रसायनशास्त्राचे जाणकार. शाळा बाड क्रॉइत्सनाख नावाच्या गावात झाली आणि तिथल्या गणिताच्या शिक्षकांनी त्यांना या विषयाची गोडी लावली. 1925 साली त्या फ्रँकफर्टच्या विद्यापीठात दाखल झाल्या. तिथे त्यांना गुरू भेटले ते माक्स डेन. हे डेन म्हणजे भूमितीतलं मोठं नाव. त्यांच्या हाताखाली रूथबाईंनी डॉक्टरेट केली, ती 1931 साली. मग शिष्यवृत्तीवर रोमला गेल्या, त्यानंतर क्योनिग्सबर्ग येथे काही काळ शिकवलं आणि परत फ्रँकफर्टला आल्या. ज्या कामामुळे आज जगभरचे गणितज्ज्ञ त्यांचं नाव घेतात, ते काम याच काळातलं.

ते काम काय होतं? इथे दोरी काढा.

आम्ही सांगतो ते अंगणात करून बघा. चुना किंवा रांगोळी, एक लांब दोरी आणि काही खडे एवढं सामान पुरे. जमिनीवर एक लांब सरळ रेघ मारा. तिच्यावर दोन खडे ठेवा, क आणि ख. दोघांत सहा वितींचं अंतर ठेवा. वीत कुणाचीही चालेल, पण मोजणारी एकच असू द्या. आता या दोघांच्या मध्ये, क पासून चार वितींवर, तिसरा खडा ठेवा. तो ग.

यापुढे मोजायचं काही नाही. फक्त दोरी ताणून सरळ रेघा मारायच्या.

रेघेच्या वरच्या बाजूला, मनाला येईल तिथे एक खडा ठेवा. त्याला म्हणू प. प पासून क, ख आणि ग या तिघांना रेघांनी जोडा. मग प आणि ग यांना जोडणाऱ्या मधल्या रेघेवर, पुन्हा मनाला येईल तिथे, एक खडा ठेवा. तो म. आता क पासून म वरून जाणारी रेघ पुढे न्या. ती प-ख या रेघेला जिथे छेदेल, तिथे च हा खडा ठेवा. तसंच ख पासून म वरून जाणारी रेघ पुढे न्या. ती प-क या रेघेला जिथे छेदेल, तिथे छ ठेवा. शेवटी छ आणि च यांना जोडून दोरी ख च्या बाजूला लांबवर ताणा. ती पहिल्या रेघेला एका जागी येऊन मिळेल. तिथे शेवटचा खडा ठेवा.

आता वितींनी मोजा. हा शेवटचा खडा क पासून बारा वितींवर असेल, म्हणजे ख च्या पुढे सहा विती. हात जरा इकडेतिकडे झाला तर बोटभर फरक पडेल, तेवढा चालवून घ्या.

मग प आणि म पुसून टाका. दुसऱ्या मैत्रिणीला सांगा, तुला हवे तिथे प आणि म ठेव. तिने प अगदी उंच ठेवला किंवा एका बाजूला ठेवला, तरी सगळी आकृती वेगळी दिसेल, पण शेवटचा खडा तिथेच, बाराव्या वितीवर येईल. तिसरीने करून बघितलं तरी तेच. वाटा कितीही असल्या तरी मुक्काम एकच.

गंमत अजून एक आहे. ग हा खडा बरोबर मधोमध, तीन वितींवर ठेवला तर काय होतं? तर छ-च ची दोरी पहिल्या रेघेच्या अगदी समांतर जाते. कितीही ताणा, ती मिळत नाही. रूथबाई ज्या भूमितीत काम करत, तिच्यात याचीही सोय आहे. रेल्वेच्या रुळांमध्ये उभं राहून लांब बघितलं की दोन रूळ क्षितिजावर एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात ना? या भूमितीत क्षितिजावरचे तेही ठिपके खरे मानतात. त्यामुळे तिथे कोणत्याही दोन रेघा कुठे ना कुठे मिळतातच. ठिपका अंगणात सापडला नाही तर क्षितिजावर सापडतो.

हा खड्यांचा नियम रूथबाईंनी शोधलेला नाही, तो फार जुना आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. समजा, आपण पाया म्हणून एवढा एकच नियम धरला, की शेवटचा खडा नेहमी एकाच जागी येतो. बाकी मोठमोठे नियम हाताशी घेतले नाहीत. तर त्या एवढ्याशा पायावर केवढं घर उभं राहील?

आता हा प्रश्न कळायला फोडणीच्या वरणाकडे जाऊ.

तुमच्यापुढे तीन वस्तू आहेत. तापलेलं तेल, मोहरी आणि वरण. क्रम हाच ठेवायचा. पण आधी जोडी कुणाची लावायची? तेल आणि मोहरी आधी एकत्र आणली, मोहरी तडतडली आणि मग ते वरणावर ओतलं, तर फोडणीचं वरण झालं. पण मोहरी आधी वरणात टाकली आणि मग वरून तेल ओतलं, तर? मोहरी कच्ची राहील, तेल वर तरंगेल. वस्तू त्याच, क्रम तोच, फक्त जोडी बदलली आणि पदार्थ बिघडला.

आकड्यांच्या गुणाकारात असं होत नाही. 2, 3 आणि 4 यांचा गुणाकार करताना आधी 2 आणि 3 घ्या, 6 आले, मग 4 ने गुणा, 24. किंवा आधी 3 आणि 4 घ्या, 12 आले, मग 2 ने गुणा, तरी 24. जोडी कशीही लावा, उत्तर एकच. हे आपण इतकं गृहीत धरतो की तो एक नियम आहे हेही विसरतो.

आता अंगण आणि आकडे यांचा संबंध सांगतो. रेघेवरच्या खड्यांना आकड्यांची नावं दिली, तर त्यांची बेरीज आणि गुणाकार नुसत्या दोऱ्या ताणून करता येतात. आणि मग असं दिसतं की आकड्यांचा एकेक नियम भूमितीच्या एकेका नियमावर टेकलेला आहे. दाविड हिल्बर्ट हे जर्मनीतलेच मोठे गणितज्ज्ञ. त्यांनी 1899 साली ही गोष्ट फार नीट मांडली. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात देझार्ग नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांचा दोन त्रिकोणांबद्दलचा एक प्रसिद्ध नियम आहे. तो नियम धरला, तर गुणाकारात जोडी कशीही लावली तरी चालते. तो सोडून दिला, तर त्याची खात्री राहत नाही.

रूथबाईंनी देझार्ग यांचा मोठा नियम बाजूला ठेवला आणि आपण अंगणात केला तो लहान नियम घेतला. 1933 साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. या लहान पायावर उभ्या राहणाऱ्या भूमितीत गुणाकाराचा जोडीचा नियम पुरता टिकत नाही, पण पुरता मोडतही नाही. तीन वस्तूंपैकी दोन सारख्या असतील, तर जोडी कशीही लावा, उत्तर तेच येतं. तिन्ही वेगळ्या असतील, तर मात्र फरक पडू शकतो. म्हणजे पाया थोडा काढून घेतला की नेमकं काय जातं आणि काय राहतं, याचा चोख हिशेब त्यांनी लावून दिला.

असे विचित्र आकडे खरोखर असतात का, असं तुम्ही विचाराल. असतात. एकेका आकड्याला आठ भाग असतात असे आकडे 1843 साली जॉन ग्रेव्हज यांनी शोधले होते आणि 1845 मध्ये आर्थर केली यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. बरीच वर्षं लोकांना ते नुसती करामत वाटत. रूथबाईंनी दाखवलं की भूमितीत त्यांना हक्काचं घर आहे. अशा भूमितीच्या पटलाला आज जगभर मूफांग प्रतल म्हणतात.

ही झाली विद्येची गोष्ट. पण विद्या ज्या घरात वाढत होती, त्या घराला तोवर आग लागली होती.

1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू धर्माच्या शिक्षकांना विद्यापीठांतून काढायला सुरुवात झाली. आपण मघाशी म्हटलं की ही पायरी गाठणाऱ्या रूथबाई तिसऱ्या. पहिल्या एमी नोएटर आणि दुसऱ्या हिल्डा गायरिंगर. या दोघी ज्यू. दोघींनाही 1933 साली काढून टाकलं आणि दोघींना देश सोडावा लागला. नोएटर अमेरिकेला गेल्या आणि 1935 मध्ये तिथेच वारल्या. गायरिंगर तुर्कस्तानमार्गे पुढे अमेरिकेला पोचल्या.

रूथबाईंचे गुरू माक्स डेन हेही ज्यू. 1935 साली त्यांना फ्रँकफर्टच्या विद्यापीठातून काढलं. 1938 च्या नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंची घरं, दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली, तेव्हा त्यांना अटकही झाली. सुटका झाल्यावर ते डेन्मार्क आणि नॉर्वेला गेले. जर्मन फौजा तिथेही आल्या. मग साठी उलटलेला हा माणूस बायकोला घेऊन रशिया आणि सायबेरिया ओलांडून, जपानमार्गे अमेरिकेला पोचला. शेवटची वर्षं एका लहानशा कॉलेजात गणित शिकवत काढली आणि 1952 साली तिथेच त्यांचा अंत झाला.

रूथबाई ज्यू नव्हत्या. त्यांच्या जिवाला धोका नव्हता. त्यांच्या वाट्याला आलं ते मघाचं पत्र. हा फरक आम्ही मुद्दाम सांगतो. त्या काळात अन्यायाच्याही पायऱ्या होत्या आणि कोण कुठल्या पायरीवर आहे हे विसरून चालणार नाही.

परवाना नाकारला, आता पोटाचं काय? 1937 मध्येच रूथबाई एसेन शहरातल्या क्रुप या कंपनीत नोकरीला लागल्या. क्रुप म्हणजे पोलादाचा प्रचंड कारखाना. धातूवर भार पडला की तो किती ताणतो, किती वाकतो, भार काढल्यावर किती पूर्ववत होतो, याचं गणित त्या मांडू लागल्या. डॉक्टरेट घेतलेल्या बाईने कारखान्यात गणितज्ज्ञ म्हणून काम करणं जर्मनीत तोवर कुणी पाहिलं नव्हतं. 1942 पासून त्या तिथल्या गणित विभागाच्या प्रमुख होत्या. बघा, विद्यापीठात पुरुष विद्यार्थ्यांसमोर उभं राहायला ज्यांना नालायक ठरवलं, त्याच बाई कारखान्यात विभाग चालवत होत्या.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. क्रुपचा कारखाना हिटलरच्या युद्धासाठी तोफा आणि दारूगोळा करत असे. पकडून आणलेल्या माणसांना तिथे सक्तीने राबवलं जात होतं. युद्धानंतर कंपनीच्या मालकाला त्याबद्दल शिक्षाही झाली. रूथबाई त्याच कंपनीत नऊ वर्षं नोकरी करत होत्या. आम्ही त्यांना देवी करून मखरात बसवणार नाही. ज्या दाराने त्यांना आत घेतलं, ते असं होतं. चांगलं दार त्यांच्या तोंडावर बंद केलं गेलं होतं, हेही तितकंच खरं.

1945 मध्ये युद्ध संपलं, हिटलरचं राज्य गेलं. 1946 साली रूथबाई फ्रँकफर्टला परतल्या आणि त्यांना शिकवण्याचा परवाना मिळाला. 1947 च्या अखेरीस त्या सहयोगी प्राध्यापक झाल्या आणि 1957 साली पूर्ण प्राध्यापक. जर्मनीत गणिताच्या पूर्ण प्राध्यापक झालेल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. 1970 साली त्या निवृत्त झाल्या. 26 नोव्हेंबर 1977 रोजी फ्रँकफर्ट येथेच त्यांचं निधन झालं.

गोष्ट इथे संपवली असती तर ऐकायला बरी वाटली असती. बाई अडवल्या गेल्या, बाई थांबल्या, शेवटी बाई जिंकल्या. पण मैत्रिणींनो, हिशेब पुरा करायला हवा. आपण गटात तेच शिकतो ना? आलेली रक्कम लिहायची, तशी गेलेलीही लिहायची.

रूथबाईंचं भूमितीतलं महत्त्वाचं लेखन 1931 ते 1937 या वर्षांतलं आहे. क्रुपमध्ये असताना त्यांनी लिहिलं ते धातूंच्या गणितावर. आणि विद्यापीठात परत आल्यावर? त्या उत्तम शिकवत. अनेक विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. पण स्वतःचं नवं संशोधन त्यांनी जवळजवळ प्रसिद्धच केलं नाही. 32 व्या वर्षी जो धागा हातातून सुटला, तो 41 व्या वर्षी परत आल्यावर पुन्हा सापडला नाही. ज्या गुरूशी बसून तो विणायचा, ते गुरू समुद्रापार होते. ज्या मंडळींत बोलायचं, ती मंडळी पांगली होती.

दार उघडलं म्हणजे बंद राहिलेली वर्षं परत मिळतात असं नाही. पगार देता येतो, पद देता येतं, मागच्या तारखेने मानही देता येतो. नऊ वर्षांत जे सुचलं असतं, ते मात्र मागच्या तारखेने देता येत नाही. ते कुणाच्याच वहीत लिहिलेलं नसतं, म्हणून त्याची भरपाई कुणी मागतही नाही.

आणि तरी बघा, सहा वर्षांत त्यांनी जेवढं लिहिलं, तेवढं पुढच्यांना पुरलं. बेल्जियममध्ये जन्मलेले जाक टिट्स या गणितज्ज्ञांनी रूथबाईंचा धागा उचलला आणि मूफांग बहुभुज या नावाने नवं शास्त्र उभं केलं. त्यांनी रिचर्ड वाइस यांच्यासोबत त्यावर लिहिलेला मोठा ग्रंथ 2002 साली आला. 2008 मध्ये टिट्स यांना गणितातला आबेल पुरस्कार मिळाला. जिला पुरुषांसमोर उभं राहू दिलं नाही, तिचं नाव आज बाप्ये आणि बाया दोघंही फळ्यावर लिहितात.

आता तुमच्यासाठी दोन कामं. पहिलं, पुढच्या बैठकीला दोरी आणि रांगोळी घेऊन या आणि तो खड्यांचा खेळ करून बघा. घरच्या मुलींना आणि मुलांना सोबत बसवा. प आणि म ठेवायचं काम त्यांना द्या. आकृती दरवेळी वेगळी आणि शेवटचा खडा मात्र तिथेच, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. असं का होतं, ते शाळेत बाईंना विचारायला सांगा.

दुसरं काम बोलण्याचं. तुमच्या गावात, तुमच्या घरात, जिला काम येतं पण पुढे उभं राहू दिलं जात नाही, अशी कोण आहे? शाळा मध्येच सुटलेली सून असेल, हिशेब चोख येणारी पण सही करायला न बोलावलेली सासू असेल, सरपंच म्हणून निवडून आलेली पण खुर्चीवर न बसलेली बाई असेल. तिचं नाव गटात घ्या. दार कधी उघडायचं हे ठरवताना एवढं ध्यानात ठेवा, की ते जितकं उशिरा उघडेल, तितकं काही ना काही कायमचं जाईल.

तर मैत्रिणींनो, खडे गोळा करा. शेवटचा खडा बाराव्या वितीवर आला की नाही, ते आम्हाला नक्की कळवा. नमस्कार.